पोरगं ‘तिकडं’ बिघडलं, की आपण त्याला तिकडं एकटं सोडलं?

घाटावरचा_मास्तर · रविवार, रात्री ९.४०

माझ्या चुलतभावाच्या पोराचं वर्षश्राद्ध परवा झालं. गेला तेव्हा वय चोवीस. गावात सगळ्यांना सांगितलंय की हार्ट अटॅक आला. तेराव्याला आलेल्यांना मीही तेच सांगितलं. ते खोटं आता मला पुढं न्यायचं नाही, म्हणून लिहितोय. नाव-गाव लिहिणार नाही, विट्याच्या आसपासचं आहे एवढं पुरे.

आमचा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडं माण-खटाव इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या गलाईला जातात. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम म्हणजे गलाई. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात सराफ पेठेमागच्या बोळात शिरा, भट्टीपुढं आमच्याकडचा माणूस बसलेला दिसेल. रानात कुसळं उगवत होती तेव्हा या धंद्यानं आम्हाला जगवलं. गावातले बंगले, शाळेच्या खोल्या, देवळाचं शिखर, सगळं त्याच पैशातलं. धंद्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, आमच्यावर त्याचं ऋण आहे.

पोरगा दहावीनंतर सोळाव्या वर्षी पंजाबात गेला. दुकान नात्यातल्याच माणसाचं. खाली भट्टी आणि तेजाबाचा धूर, वर झोपायची खोली. भाषा येत नाही, सुट्टी माहीत नाही, वर्षातून एकदा यात्रेला घरी. पहिली दोन वर्षं आईला फोन करून रडायचा. मग रडायचा थांबला. आम्हाला वाटलं, रुळला. त्याच सुमारास तिकडं ज्याला चिट्टा म्हणतात ते हेरॉइन त्याच्या हाताला लागलं होतं.

घरी आला तेव्हा निम्मा झालेला. घरच्यांनी सांगितलं कावीळ झालीय. मग आईची जोडवी गेली, देवघरातली चांदीची वाटी गेली, आणि आम्हाला कळलं. आम्ही काय केलं? रानातल्या वस्तीवर शेडमध्ये पंधरा दिवस कोंडलं. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, पोटात पिळे, जुलाब, अंगावर काटा, रात्रभर पाय झाडतोय. त्याची आई दाराबाहेर बसून राहायची. सोळाव्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली, हसला. आम्ही म्हणालो, सुटला.

आणि महिन्याभरानं त्याला त्याच दुकानात, त्याच खोलीत परत पाठवलं. कारण इथं राहिला असता तर लोकांनी विचारलं असतं. आठव्या दिवशी गेला.

एका डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. नशा काही दिवस बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग माणूस पूर्वीएवढंच घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. डोक्यातली ओढ गेलेली नसते, अंगातली ताकद मात्र गेलेली असते. म्हणजे सगळ्यात धोक्याच्या दिवसांत आम्ही त्याला सगळ्यात धोक्याच्या जागी पोहोचवलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. या नशेचं मूळ पुडीत कमी आणि एकटेपणात जास्त आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या सैनिकांना हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. सरकार घाबरलं होतं की हे सगळे घरी येऊन काय करतील. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. व्यसन लागलेल्यांपैकी परतल्यानंतरच्या वर्षभरात पुन्हा त्यात अडकले ते सुमारे ५ टक्के. पदार्थ तोच, माणसं तीच, बदललं ते भोवतालचं जग. आमच्या पोराचं बरोबर उलटं झालं. घरी नीट होता, खोलीनं बिघडवला.

गलाईवाल्यांच्या मंडळांनी, गावानं आणि आपण नातेवाइकांनी काय करावं, यावर बोलूया. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर तेही मांडा, मला ऐकायचंय.

मिरजेचा_केमिस्ट · रविवार, रात्री १०.५५

मास्तर, वाचून सुन्न झालो. तुमच्या घरावर आलेली वेळ कुणावर येऊ नये. पण तुमचा निष्कर्ष मला पटत नाही, आणि गेली बावीस वर्षं काउंटरमागं उभा आहे म्हणून बोलतो.

एकटेपणा आपल्याकडं आजचा आहे का? मुंबईच्या गिरण्यांत गेलेली आपली माणसं गाळ्यात वीस-वीस जण राहायची, वर्षानुवर्षं बायकोचं तोंड दिसायचं नाही. दारू प्यायची, पण श्वास थांबून मरत नव्हती. मग ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आली आणि मुंबई-पुण्याची पोरं मेली. एकटेपणा होताच, नवी होती ती पुडी.

अमेरिकेचंच बघा. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणली. गोळीतलं औषध सावकाश सुटतं म्हणून व्यसनाचा धोका कमी, असं डॉक्टरांना पटवलं. विक्री प्रतिनिधींनी दवाखाने पिंजून काढले. २००७ मध्ये कंपनीनं दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, ६० कोटी डॉलरहून जास्त भरावे लागले. तोवर पोरं गोळीवर लागलेली. गोळी महाग झाली तेव्हा हेरॉइन, आणि २०१३ नंतर फेंटॅनिल, जे हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट जहाल. २०२१ ला तिथं वर्षात नशेच्या अतिमात्रेनं एक लाखाहून जास्त माणसं गेली. अमेरिकेसारख्या खाणी-गिरण्या फ्रान्समध्येही बंद पडल्या, तिथं असं झालं नाही. कारण तिथं गोळ्यांचा असा पूर कुणी सोडला नव्हता.

आता आपल्याकडं या. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळच्या इरळीत, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत एमडीचे, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचे, कारखाने पकडले. माल आपल्याच शिवारात शिजतोय आणि आपण पोरांच्या एकटेपणावर बोलतोय. आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा.

तालीम_सांगली · रविवार, रात्री ११.१०

वाईट वाटलं. पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. त्या खोलीत आणखी पोरं होती ना? ती का नाही बिघडली? माणसाच्या मनगटात आणि मनात दम पाहिजे. आमच्या आखाड्यात पहाटे चारला उठून हजार जोर मारणाऱ्या पोराला पुडी लागत नाही. वस्ताद, माती, शिस्त. हाच उपाय, बाकी पुस्तकी.

घाटावरचा_मास्तर · सोमवार, सकाळी ७.१५

केमिस्टसाहेब, तुमचं बरंचसं मान्य. पण ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात गोदी आणि कारखाने बंद पडले, तेव्हा लिव्हरपूल आणि ग्लासगोच्या बेकार वस्त्यांतच हेरॉइन का पसरलं? पुडी सगळीकडं पोहोचते, रुजते मात्र ठरावीक जागी. अमेरिकेतही ॲन केस आणि अँगस डीटन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की मधल्या वयाच्या, कॉलेज न शिकलेल्या गोऱ्या लोकांचं मरण्याचं प्रमाण वाढतंय. अतिमात्रा, दारू आणि आत्महत्या, तिन्ही एकत्र. गोळीनं आत्महत्या आणि यकृताचे आजार वाढत नाहीत. मुळात काहीतरी आधीच सडलेलं होतं.

तालीमवाले भाऊ, राग नाही. खोलीत आणखी दोघं होते. सख्खे भाऊ. रात्री एकमेकांशी भांडायचे, एका ताटात जेवायचे. आमचा एकटा होता. याला तुम्ही दम म्हणा, मी सोबत म्हणतो.

मिरजेचा_केमिस्ट · सोमवार, सकाळी ९.०५

तालीमवाल्यांना एक सांगायचं राहिलं. माझ्याकडं मेफेंटरमीनचं इंजेक्शन मागायला येणारी पोरं कोण असतात माहितेय? पिळदार दंडाची. ते इंजेक्शन भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर वापरायचं. व्यायामाला दम येतो म्हणून शिरेत टोचून घेतात. मी देत नाही तर दुसरीकडं जातात. आखाड्याला नावं ठेवत नाही, मीही लहानपणी माती अंगाला लावलीय. पण शिस्त असली म्हणजे नशा येत नाही, या भरवशावर राहू नका.

आणि एक गोष्ट सगळ्यांनीच नीट समजून घ्या. एमडी वेगळं, हे इंजेक्शन वेगळं, चिट्टा वेगळा. पहिली दोन माणसाला पळवतात. अफूच्या जातीची नशा, म्हणजे अफू, डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा), हेरॉइन, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल ही दुखण्यावरची गोळी, ही माणसाला निजवते आणि श्वास मंदावते. उपचारही वेगवेगळे. सगळ्यावर ‘ड्रग्ज’ असा एकच शिक्का मारला की शेडमध्ये कोंडणं हाच सगळ्यावरचा उपाय वाटायला लागतो.

माहेर_जत · सोमवार, दुपारी २.३०

मी कधी इथं लिहीत नाही. आज दुकान बंद करून लिहितेय.

मास्तर, तुम्ही म्हणता समाजानं सोबत करावी. हा समाज म्हणजे कोण, ते सांगाल का? माझ्या लग्नाच्या वेळी नवऱ्याला गोळ्यांचं व्यसन आहे हे त्याच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मध्यस्थालाही माहीत होतं. लग्न झालं की सुधारेल, असं ठरवून मला आणलं. म्हणजे समाजानं शोधलेलं औषध मी होते. एकोणीस वर्षांची होते.

अंगावरचं सोनं गेलं. मार खाल्ला. सासूबाई म्हणायच्या, तू नीट वागवलंस तर तो कशाला जाईल. तो उपाशी झोपला तर माझी चूक, बाहेर गेला तर माझी चूक. सात वर्षांनी पोरीला घेऊन निघाले. गावात अजून म्हणतात, नवऱ्याला वाऱ्यावर सोडून गेली.

तुमच्या पोराची आई पंधरा दिवस दाराबाहेर बसली, असं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत. ती रात्री झोपली होती का? दिवसा रानात कामाला जात होती का? सोबत, आधार, माया हे शब्द आले की ते काम कुणाच्या वाट्याला येतं ते आधी बोला, मग पुढचं.

दारूचं तरी बरं असतं. दुकान डोळ्यांपुढं असतं. आपल्या राज्यात बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली, अर्ध्याहून जास्त मतं पडली की दुकानाला टाळं. सातारा जिल्ह्यातल्या बायकांनी यासाठी केवढा झगडा केला. पण गोळी आणि पुडी खिशातून येते. आम्ही कुणाचं दुकान आडवं करायचं?

गावकारभारी · सोमवार, सायंकाळी ६.२०

पाच वर्षं सरपंच होतो. एवढी चर्चा कशाला? ग्रामसभेत ठराव करायचा. जो सापडेल त्याच्या घराशी येणं-जाणं बंद, लग्नकार्यात पान नाही, वर दंड. एक घर वाळीत पडलं की दहा घरं सुधारतात. आमच्या वेळी गावाचा धाक होता म्हणून गाव नीट होतं. पोलिसांत द्या, जेलमध्ये सडू द्या. एका सडक्या द्राक्षानं सगळी पेटी जाते.

घाटावरचा_मास्तर · सोमवार, रात्री ८.००

कारभारी, तुमच्या वयाचा मान राखून बोलतो. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, त्यासाठी २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. ठरावावर सही करणारे आत जातील.

पण कायदा बाजूला ठेवू. आमच्या घरानं तुमच्या त्याच धाकापायी पोराला परत पाठवलं. लोक काय म्हणतील, या एका वाक्यापायी. तुमचा ठराव आमच्या गावात न करताच लागू होता.

आणि जेलचं म्हणाल तर अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही ६४-अ कलम आहे. थोडक्या मालासह सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम किती वकिलांना, किती फौजदारांना आणि किती आयांना माहीत आहे?

ताई, तुम्हाला उत्तर द्यायचंय, पण घाईत नको. उद्या लिहितो.

द्राक्षबाग · सोमवार, रात्री ९.१५

केमिस्टसाहेबांच्या ‘नळ बंद करा’ला माझा सक्त विरोध आहे.

माझ्या आईला कॅन्सर होता, हाडांत उतरलेला. शेवटचे चार महिने ती ओरडायची. शेजारच्या वस्तीपर्यंत आवाज जायचा. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासूनच्याच वेदनाशामक, गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी घेऊन मी किती दुकानं फिरलो, मोजली नाहीत. आम्ही ठेवत नाही, परवान्याची कटकट आहे, कुणासाठी पाहिजे, आधार कार्ड दाखवा. एकानं मला वरपासून खालपर्यंत असं बघितलं की मीच गर्दुल्ला. शेवटी मिळाल्या. पहिल्या दिवशी आई सहा तास झोपली. उठून म्हणाली, चहा टाक. ते दोन शब्द ऐकायला मी महिनाभर वणवण केली होती.

१९८५ चा कायदा आला आणि कडक शिक्षेच्या भीतीनं दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ ला दुरुस्ती करून वेदनेच्या औषधांची वाट थोडी मोकळी केली, पण खाली मन तसंच राहिलं. केरळात वस्ती-वस्तीवर स्वयंसेवक घरी जाऊन अशा रुग्णांना बघतात, मॉर्फिन देतात. त्यांना जमतं. आपल्याकडं मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि माणूस कळा काढत मरतो. अमेरिकेनं अती दिलं म्हणून आपण मुळीच द्यायचं नाही, असं करू नका.

मिरजेचा_केमिस्ट · सोमवार, रात्री १०.४०

द्राक्षबाग, तुमचं वाचून दहा मिनिटं काही लिहिलं नाही. माझ्याच पेशातल्या माणसानं तुम्हाला तसं बघितलं, त्याबद्दल मीच माफी मागतो.

भीती मात्र खरी आहे. ट्रामाडोल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. एच-वन यादीतल्या औषधांचं रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. एक नोंद चुकली तर परवाना जाईल म्हणून दुकानदार माल ठेवतच नाही. आणि ज्याला नोंद करायचीच नाही, तो मागच्या दारानं हवं ते विकतो. जुनी चिठ्ठी मोबाइलवर दाखवून कुणीही येतो. नियम प्रामाणिकाला जाचतो, बाकीच्यांना नाही. ‘नळ बंद करा’ हे माझं वाक्य मी सुधारतो. नळावर माणूस बसवा, जो चेहरा ओळखेल. कॅन्सरच्या आईचा मुलगा आणि आठवड्यात चौथ्यांदा कोडीनचं खोकल्याचं औषध मागणारा पोरगा यातला फरक संगणकाला कळत नाही, मला कळतो.

क्लीनर_ते_ड्रायव्हर · मंगळवार, पहाटे ५.५०

रात्रपाळी संपली, म्हणून आत्ता लिहितो. मी स्वतः यातून गेलोय. तासगावची द्राक्षं घेऊन दिल्लीकडं जायचो. माल नाशवंत, ठरल्या वेळेत पोहोचला नाही तर भाडं कापतात. राजस्थानच्या बाजूला ढाब्यावर डोडा मिळायचा, चहात टाकून. कंबर दुखत नाही, झोप येत नाही असं वाटायचं. ते मिळेना तेव्हा गोळ्या. मला कुणी एकटं सोडलं नव्हतं मास्तर, शेजारी क्लीनर असायचा. मला वेळेनं आणि कंबरेनं खाल्लं. त्यामुळं सगळं एकटेपणावर नका ढकलू. कामाची पद्धतच अशी आहे की माणूस औषधाशिवाय उभा राहत नाही.

घरच्यांनी एका खासगी केंद्रात टाकलं. नाव सांगत नाही. तिथं साखळी होती, मार होता. तीन महिन्यांनी सुटलो, चौथ्या दिवशी परत चालू. नंतर कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असल्या माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे. त्यावेळी कुणाला माहीत!

बरा झालो ते सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार डॉक्टरांमुळं. त्यांनी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू केली, जिभेखाली ठेवायची. पहिल्यांदा कळा न येता सकाळ झाली. अडीच वर्षं घेतली, आता हळूहळू कमी करतोय.

तालीम_सांगली · मंगळवार, सकाळी ८.१०

म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरली, असंच ना भाऊ? अडीच वर्षं गोळी खाणं याला मी सुटणं म्हणत नाही.

क्लीनर_ते_ड्रायव्हर · मंगळवार, सकाळी ११.३०

म्हणू नका. पण सांगतो काय फरक पडला. आधी सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार, आज पैसे कुठनं आणायचे. खोटं कुणाला सांगायचं. आता बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला कामाला आहे, पगार बायकोच्या खात्यावर जातो, पोराचा अभ्यास घेतो. गोळीनं तरंगल्यासारखं होत नाही, नुसती तलफ मरते. डॉक्टर म्हणाले, एकदम बंद करून परत घसरणारे जास्त, आणि घसरले की मरणारेही जास्त. मास्तरांच्या पोराचं तेच झालं. त्याला कोंडायच्या ऐवजी कुणी ही गोळी दिली असती तर...

जाऊ द्या. लिहायला नको होतं. माफ करा मास्तर.

मिरजेचा_केमिस्ट · मंगळवार, दुपारी १.००

तालीमवाले, त्यांचं बरोबर आहे. मी परवा फ्रान्सचं नाव घेतलं ते अर्धंच सांगितलं. तिथं १९९५-९६ पासून साध्या गल्लीतल्या डॉक्टरांनाही ही गोळी लिहून द्यायला मुभा मिळाली, आणि चार-पाच वर्षांत हेरॉइनच्या अतिमात्रेनं मरणारे सुमारे चार पंचमांशानं घटले. आपल्याकडं एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून अशी केंद्रं आहेत, पण तालुक्याच्या माणसाला पत्ता लागत नाही. २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सनं सरकारसाठी केलेली पाहणी आली. देशात सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अफूच्या जातीचा कुठला ना कुठला पदार्थ वापरतात, आणि त्यातल्या ७७ लाखांना मदतीची गरज आहे. सगळ्यांना कोंडायला एवढ्या शेड आहेत का?

घाटावरचा_मास्तर · मंगळवार, रात्री ९.३०

ड्रायव्हरदादा, माफी कशाची. तुम्ही लिहिलंत तेच मी वर्षभर रात्री मनात म्हणतोय.

ताई, तुमच्यासाठी. काल संध्याकाळी वहिनीकडं गेलो. विचारलं, त्या पंधरा दिवसांत तुम्ही झोपायचा कुठं. म्हणाल्या, शेडच्या दाराला पाठ लावून. तो आतनं दार ढकलायचा, ते पाठीला कळायचं, म्हणून. सकाळी म्हशींची धार काढून परत बसायच्या. मी गावातला शिकलेला माणूस. पंधरा दिवसांत तीनदा गेलो आणि प्रत्येक वेळी उभ्यानं सल्ला देऊन आलो. एकदाही म्हणालो नाही की वहिनी, आज रात्री मी बसतो. तुमचा प्रश्न मला उशिरा विचारला गेला. तुम्ही निघालात हे बरोबर केलंत, हे लिहायला मला कुणाची परवानगी नको.

माझ्या पहिल्या लिखाणात दुरुस्ती करतो. एकटेपणा हे एक कारण. ड्रायव्हरदादांची कंबर आणि वेळ हे दुसरं. पुडी स्वस्त आणि जवळ असणं हे तिसरं, केमिस्टसाहेब त्यात चुकत नाहीत. पण लाज सगळ्यांच्या वर बसलीय यावर मी ठाम आहे, कारण उपचाराकडं जायची वाट तीच अडवते. पुण्यात १९८६ ला अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन उभं केलं. इतकी वर्षं दोन-चार तासांच्या अंतरावर जाणती माणसं होती आणि आम्ही पोराला शेडमध्ये कोंडलं.

आता करायचं काय, ते. गलाई मंडळातल्या दोघांशी बोललो. अठराच्या आतलं पोरगं पाठवायचं नाही आणि एका दुकानात एकटं ठेवायचं नाही, याला ते तत्त्वतः तयार आहेत. लिहून द्यायला कचरतात, पण तयार आहेत. दुसरं, यात्रेला सगळी पोरं गावी येतात, तीन-चार दिवस असतात. त्या दिवसांत शाळेच्या एका खोलीत मानसोपचार डॉक्टर बसवावेत असं मनात आहे. पालखी, कुस्त्या, तमाशा सगळं होतं, त्यात ही एक खोली. केमिस्टसाहेब, तुम्ही याल का? तिकडं खोलीत कुणी निळा पडला, हाक मारून उठेना, तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे पोरांना सांगायला. बाजूच्या पोरांनी त्याला झोपलाय म्हणून तसंच ठेवलं होतं.

मिरजेचा_केमिस्ट · मंगळवार, रात्री १०.१०

येतो. दुकान पोराकडं ठेवून येतो. कुशीवर वळवणं, तोंडानं श्वास देणं आणि १०८ ला फोन लावणं, एवढं तर दहा मिनिटांत शिकवता येतं. नॅलोक्सोन या अफूच्या नशेचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाबद्दलही सांगेन. अमेरिकेत ते २०२३ पासून नाकात मारायचा फवारा म्हणून चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडं ते इंजेक्शन, दवाखान्यातच. म्हणून लपवत न बसता पटकन दवाखाना गाठायचा आणि काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगायचं, हे पोरांच्या डोक्यात बसवू.

गावकारभारी · बुधवार, सकाळी ७.००

वाळीत टाकायचं मी मागं घेतो. कायदा माहीत नव्हता. पण पुडी विकणारा सापडला तर त्याला सोडू नका, यावर मी ठाम आहे. यात्रा कमिटीत माझा पुतण्या आहे. खोलीचं आणि मांडवाचं मी बघतो.

क्लीनर_ते_ड्रायव्हर · बुधवार, सकाळी ७.४५

मीबी येतो. फक्त एक ऐका. फलकावर ‘व्यसनमुक्ती’ लिहू नका. त्या दारात यात्रेच्या गर्दीत एक पोरगं पाय ठेवणार नाही, सगळं गाव बघत असतं. ‘गलाई कामगार छाती व आरोग्य तपासणी’ लिहा. तेजाबाच्या धुरानं सगळ्यांचीच छाती भरलेली असते, त्या निमित्तानं येतील. तपासणी खरीच करा, फसवायचं नाही. आत पडदा लावून दुसरं टेबल ठेवा. ज्याला बोलायचं तो बोलेल. मी त्या टेबलाशी बसतो.

माहेर_जत · बुधवार, दुपारी २.१५

आणखी एक टेबल बायकांसाठी ठेवा, वेगळ्या दारानं. आयांना, बायकांना आणि ज्यांचं लग्न ठरतंय त्या पोरींनाही तिथं विचारता येऊ दे. १४४१६ (मानसिक आरोग्यासाठी) आणि १४४४६ (व्यसनमुक्तीसाठी) हे दोन सरकारी नंबर मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून देऊ, पदराच्या गाठीत मावेल एवढ्या चिठ्ठीवर.

यात्रा कुठल्या तारखेला आहे ते कळवा. दुकान दोन दिवस बंद ठेवावं लागेल, आधी मालकिणीला सांगायला हवं.